नाचघरातली भेग

इमारतींचे फोटो काढणं हा माझा धंदा. लग्नासमारंभाचे फोटो मी घेत नाही, कारण मी काढलेले आपले फोटो माणसांना आवडत नाहीत. भिंती तक्रार करत नाहीत. कुठे बंद पडलेली गिरणी, कुठे जुनं इस्पितळ, कुठे पूल. पाडण्याआधी, विकण्याआधी किंवा कोर्टात भांडण्याआधी कुणाला तरी त्यांचे नीट फोटो लागतात. वीस वर्षं मी तेच करतेय.

मदतीला माझी वहिनी येते, थोरल्या भावाची बायको. तिने शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या आणि मोजल्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून भावाच्या चुका मोजायला लागली, तेव्हा भावानेच हात जोडून मला सांगितलं, हिला कुठेतरी ने. आता ती पाटी आणि मोजपट्टी धरते. पाटीवर खोलीचा नंबर, मोजपट्टीवर काळेपांढरे चौकोन. या दोन गोष्टी फोटोत असल्या की बघणाऱ्याला कळतं भिंत कुठली आणि भेग केवढी.

वहिनीला संशय घ्यायला कारण लागत नाही. दूधवाला हसला तर दुधात पाणी, नाही हसला तर जास्त पाणी. मी तिला नेहमी चिडवायचे, की तुझं बारसं झालं तेव्हा तू पाळण्यातून मोजलं असशील किती जण जेवून गेले ते. त्यामुळे त्या डोंगरावरच्या हॉटेलच्या कामात आम्हा दोघींत चूक कुणी केली हे सांगितलं तर आमच्या घरात अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

हॉटेलचं काम आलं ते थंडीच्या सुरुवातीला. परक्या राजवटीच्या साहेबलोकांनी उन्हाळा काढायला डोंगरावर बांधलेली ती इमारत. तीन मजली, मधला भाग आणि पूर्वेला-पश्चिमेला एकेक लांब बाजू. राजवट गेली तरी हॉटेल चालत राहिलं. मग खालच्या गावात खोलीत गरम पाणी देणारी नवी हॉटेलं निघाली आणि हे अकरा वर्षांपूर्वी बंद पडलं. मालक कंपनीला ते पाडायचं होतं. गावातल्या काही लोकांना ते टिकायला हवं होतं. नगरपालिकेने दोघांचं ऐकून सांगितलं, की इमारत धोकादायक आहे हे दाखवा, मग परवानगीचं बघू. त्यासाठी फोटो हवे होते आणि तेही बाहेरच्या माणसाने काढलेले. सगळे, क्रमवार, वेळेसकट, आणि शेवटी ‘यातला एकही फोटो वगळलेला नाही’ असं लिहून सही.

कंपनीचा इंजिनिअर आम्हाला घ्यायला बसथांब्यावर आला. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी, पायात चिखलाचा थेंबही नसलेले बूट. वहिनीची पिशवी त्याने स्वतः उचलली.

“ताई, तुम्ही वरच्या मजल्यापासून सुरुवात करा,” गाडीत तो म्हणाला. “मग एकेक मजला खाली या. नाचघर अगदी शेवटी घ्या. तिथे उजेड चौथ्या दिवशी चांगला असेल.”

“चौथ्या दिवशीचा उजेड यांना आजच कसा कळला?” वहिनी माझ्या कानात पुटपुटली. मी तिला कोपराने ढोसलं.

हॉटेलच्या दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो पूर्वी या हॉटेलचा सुतार होता. हॉटेल बंद झाल्यावर कंपनीने त्यालाच राखणदार म्हणून ठेवलं. गावात सगळे त्याला सुतारकाका म्हणत. त्याने आमच्याकडे असं पाहिलं, की आम्ही जणू त्याच्या घरातली भांडी न्यायला आलो आहोत.

“कुठे कुठे जाणार?” त्याने विचारलं.

“सगळीकडे,” मी म्हटलं.

“तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली नाही उघडत. तिथली जमीन कुजलीय.”

“दारातून फोटो घेईन.”

“दारच नाही उघडत,” तो म्हणाला आणि आत वळला.

धुकं इतकं दाट होतं की वरच्या मजल्यांवर दिवसाही काही दिसलं नसतं. इंजिनिअर परत गेला होता. मी ठरवलं, खालूनच सुरुवात करू. स्वागतकक्ष, जेवणघर, पत्त्यांची खोली आणि मग नाचघर. नाचघर म्हणजे लांबलचक दालन. एका लांब बाजूला सहा उंच खिडक्या, त्यांना लागून टोकाला वाजंत्र्यांसाठी ओटा, उरलेल्या दोन भिंतींवर प्लास्टरची वेलबुट्टी. ओलीचे डाग होते, छताचा एक तुकडा खाली पडलेला होता. पण ओट्यामागची भिंत सरळ, अखंड. मी तिचे सहा फोटो घेतले. धुक्यामुळे ते करडे आले, म्हणून मी वहीत लिहून ठेवलं, की उजेड सुधारला तर परत घेणे.

एव्हाना मला इमारत खटकायला लागली होती. अकरा वर्षं रिकामी असलेली जागा मला ओळखू येते. धूळ सगळीकडे सारखी बसते. इथे ती सारखी नव्हती. मोठ्या जिन्याचा कठडा स्वच्छ होता, कुणाचा तरी हात रोज फिरत असल्यासारखा. जिन्याच्या पायऱ्यांत दोनचार फळ्या वेगळ्याच रंगाच्या. कुठूनतरी राळेचा आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला तर चक्क नवं कुलूप होतं.

“हे कुणी लावलं?” मी सुतारकाकांना विचारलं.

“कंपनीच्या कचेरीने. गेल्या महिन्यात.”

“उघडता का?”

“त्याची किल्ली माझ्याकडे नाही.”

“राखणदाराकडे नाही?”

“नाही म्हटलं ना,” तो म्हणाला आणि जुडगा मुठीत धरून निघून गेला.

संध्याकाळी आम्ही गावातल्या छोट्या विश्रामगृहात उतरलो होतो तिथे इंजिनिअरचा फोन आला. मी खालचा मजला झाला म्हणून सांगितलं.

“नाचघर पण घेतलंत? मी शेवटी म्हटलं होतं ना, ताई.”

“धुकं होतं. तसेही ते फोटो करडे आलेत. परत घेईन.”

“हां, परतच घ्या. नक्की घ्या.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आणि जरा म्हाताऱ्यावर नजर ठेवा. त्याच्या हाताला चिकटतं. वरच्या फळ्या नाहीशा होतायत असं आमच्या कानावर आलंय. तुम्हाला काही दिसलं तर मला तेवढे फोटो आधी पाठवा.”

मी फोन ठेवला आणि वहिनीला म्हटलं, “बघ, कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटतच होतं. कुंपणच शेत खातंय.”

वहिनी उकडलेलं अंडं सोलत होती. “मला नाही वाटत,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. “तुला? तुला नाही वाटत?”

“दुपारी मी जिन्यावर दमून बसले होते. त्याने येऊन आधी पायरी हाताने दाबून बघितली, मग म्हणाला, इथे नको, दोन पायऱ्या खाली बसा. चोराला माझ्या बसण्याची काय पडलीय?”

“चोर चांगलं बोलतात म्हणून तर चोरी होते.”

“चांगलं कुठे बोलला? खेकसलाच माझ्यावर.” तिने अंड्यावर मीठ घातलं. “गोड बोलणारा तो दुसरा.”

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. आम्ही सरळ तिसऱ्या मजल्यावर गेलो. पूर्वेच्या बाजूला चार खोल्यांमधल्या फळ्या खरंच उचकटलेल्या होत्या. तुटलेल्या नव्हत्या. खिळे नीट काढून, एका रांगेत, जाणत्या हाताने काढलेल्या. खाली उघड्या तुळया दिसत होत्या. मी प्रत्येक खोलीचा फोटो घेतला. शेवटच्या खोलीचं दार बंद होतं. पण बाहेरून एक अरुंद व्हरांडा होता आणि त्या खोलीच्या खिडकीची एक काच पुसलेली होती.

मी त्या काचेला लेन्स लावली. आत एक लांब बाक, करवती, रंधे, पटाशा टांगलेल्या, जमिनीवर भुशाचा ढीग आणि भिंतीला टेकवलेल्या तासून ठेवलेल्या फळ्या. जमीन अजिबात कुजलेली नव्हती. एका खुर्चीवर सुतारकाकांची टोपी.

“घे,” मी वहिनीला म्हटलं, “जमीन कुजलीय म्हणे!”

वहिनीने डोळ्यांवर हात धरून आत बघितलं. “खोटं बोलला हे खरं,” ती म्हणाली. “का बोलला ते विचारू या ना.”

“विचारून काय होणार? तो दुसरं खोटं सांगेल.”

मी बारा फोटो घेतले. मग उजेड आहे तोवर म्हणून खाली नाचघरात गेलो. वहिनी पाटी घेऊन ओट्यावर चढली आणि तिथेच थांबली.

“अगं, हे काल होतं?”

ओट्यामागच्या भिंतीवर, जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत, एक भेग होती. बोट जाईल एवढी. मी कॅमेऱ्यात कालचा फोटो उघडून बघितला. तीच भिंत, तोच ओलीचा डाग, पण भेग नाही. एका रात्रीत भिंत फाटली म्हणजे छप्पर कधीही डोक्यावर येऊ शकतं. पण मग मी जवळ गेले. भेगेच्या कडा पांढऱ्याशुभ्र आणि धारदार होत्या. जुनी भेग काळवंडते, तिच्यात कोळी राहतो. ही नुसती ताजीच नव्हती, ओट्यावरून कुणी केरसुणीही फिरवलेली होती.

पटाशी. माझ्या डोळ्यांसमोर ती टांगलेली हत्यारं आली. मी मनात सगळं जुळवून टाकलं. म्हातारा फळ्या चोरतोय, आणि हॉटेल पाडायचं ठरलं की कुणी त्या मोजणार नाही, म्हणून पाडण्याची घाई त्यालाच झालीय. इतकं नीट जुळलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

संध्याकाळी फोटो पाठवायला बसले तेव्हा वहिनीने लॅपटॉपवर हात ठेवला.

“एकदा त्याला विचार. मग पाठव.”

“वहिनी, तू भाजीवाल्याचा तराजू रोज उलटा करून बघतेस, आणि इथे पुरावा समोर असताना—”

“तराजू उलटा करते ते भाजीवाल्याच्या समोर करते,” ती म्हणाली. “त्याच्या पाठीमागे नाही करत, वन्सं.”

ती मला ‘वन्सं’ म्हणते तेव्हा ती रागावलेली असते. मी पाठवायचं बटण दाबलं. फळ्या काढलेल्या खोल्या आणि काचेतून घेतलेले बारा. नाचघराची भेग मात्र पाठवली नाही. का ते आज सांगता येणार नाही. बहुधा ती मला नीट बाजूच्या उजेडात परत घ्यायची होती, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिनिअरची गाडी आधीच उभी होती. त्याच्याबरोबर एक मुकादम होता, जाडजूड, सतत कान खाजवणारा. सुतारकाका पायरीवर उभे होते आणि कमरेचा जुडगा सोडत होते. गाठ घट्ट बसली असावी, त्यांना ती सुटत नव्हती. कुणीच मदत करेना. शेवटी ती सुटली आणि त्यांनी जुडगा मुकादमाच्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला.

“पोलिसात देत नाही, हे नशीब समजा,” इंजिनिअर त्यांना सांगत होता. “ताईंनी फोटोच काढलेत सगळे.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “काल त्या जिन्यावरून वरखाली केलंत ना तुम्ही? काही झालं का?”

आणि तो उताराच्या रस्त्याने चालू लागला. त्याच्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. वहिनीला लागला असावा, कारण दिवसभर ती माझ्याशी पाटीवरच्या नंबरांपलीकडे काही बोलली नाही. आम्ही दुसरा मजला, बाहेरच्या भिंती, पश्चिमेची बाजू, पाण्याची टाकी घेतली. निघण्याआधी मी नाचघरातल्या भेगेचा एक फोटो घेतला, ती अजून खांद्यापर्यंतच होती. चार वाजता मुकादमाने सगळी दारं बंद केली, प्रत्येक कुलूप ओढून बघितलं आणि जुडगा खिशात घालून गेला.

चौथ्या दिवशी फक्त नाचघराचं छत राहिलं होतं. मुकादमाने दार उघडलं आणि तो बाहेर उन्हात विडी ओढत बसला. आम्ही आत गेलो.

भेग वाढली होती. आता ती ओट्यापासून वर छताच्या वेलबुट्टीपर्यंत गेली होती आणि तिला एक फांदी फुटून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली होती. पलीकडे पत्त्यांच्या खोलीतही एक नवी.

“काल चार वाजल्यापासून,” वहिनी सावकाश म्हणाली, “किल्ल्या कुणाकडे होत्या?”

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचं नवं कुलूप, ज्याची किल्ली म्हाताऱ्याकडे नव्हती. चौथ्या दिवशीचा चांगला उजेड. साप साप म्हणून मी भुई धोपटत बसले होते आणि साप वहिनीची पिशवी उचलून चालत होता.

मी दिवा काढला आणि वहिनीला भिंतीला अगदी लागून धरायला सांगितलं. समोरून उजेड टाकला की भिंत सपाट दिसते. बाजूने टाकला की प्रत्येक खळगा सावली धरतो. भेगेच्या दोन्ही कडांना एकसारख्या अंतरावर, एकसारख्या रुंदीचे घाव दिसले. खालपासून वरपर्यंत. वहिनीने मोजपट्टी लावली. मी चाळीसएक फोटो घेतले. ओट्याच्या फटीत प्लास्टरचे बारीक तुकडे अडकले होते, तेही घेतले.

“काय चाललंय एवढं?”

इंजिनिअर दारात उभा होता. आज त्याच्या बुटांवर पांढरी धूळ होती. की ती आज मला दिसली, देव जाणे.

“भेग घेतेय,” मी म्हटलं.

“छान. हीच तर दाखवायची आहे.” तो आत आला, भिंतीकडे बघून त्याने मान हलवली. “बघा, किती वेगाने जातेय. माणसं मरतील इथे एक दिवस. बरं ताई, एक करा. पहिल्या दिवशीचे या दालनाचे फोटो काढून टाका. करडे आलेत म्हणालात ना? उगीच वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.”

“क्रमांक तुटेल.”

“नवे क्रमांक द्या.”

“आणि सही? एकही फोटो वगळलेला नाही, अशी?”

तो हसला. “खराब फोटो वगळणं म्हणजे वगळणं नव्हे हो. तुम्ही कलाकार माणसं. आमच्या कंपनीच्या अजून पाच इमारती आहेत. सगळ्या तुम्हालाच द्यायच्या असं मी वर बोललोय.”

खरं सांगते, त्या क्षणी मी मान हलवलीही असेन. पाच इमारती म्हणजे दीड वर्षाचं काम. वहिनी दिव्याची वायर गुंडाळत होती. ती इंजिनिअरकडे न बघता म्हणाली, “साहेब, तुमच्या बाहीला चुना लागलाय.”

त्याने झटकन बाही बघितली. बाही स्वच्छ होती. त्याने डोळे वर केले तेव्हा आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत होतो. मग तो म्हणाला, “संध्याकाळपर्यंत फोटो पाठवा,” आणि निघून गेला. त्या आवाजात ‘ताई’ नव्हतं.

आम्ही फोटो पाठवले नाहीत. सामान घेऊन आधी सुतारकाकांचं घर शोधलं. गावाच्या टोकाला दोन खोल्या, अंगणात लाकडाच्या ढलप्या. त्यांच्या लेकीने दार उघडलं, मी कोण ते ओळखलं आणि आत बोलावलं नाही.

“बाबांना भेटायचंय,” मी म्हटलं.

“बाबांना नाही भेटायचं.”

पण ते आतून आले. मी माफी मागितली. तयारी करून गेले होते, पण ती माफी वाकडीतिकडीच निघाली. त्यांनी ती ऐकून घेतली, जसा एखादा सुतार गिऱ्हाइकाची चुकीची मापं ऐकून घेतो तशी.

“कचेरीची चिठ्ठी आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. “अकरा वर्षांपूर्वीची. कशालाही हात लावायचा नाही, काहीही दुरुस्त करायचं नाही. इमारत आपोआप पडली की परवानगीही लागत नाही ना. मी सुतार आहे. समोर जिना कुजतोय आणि मी बघत बसू? पूर्वेच्या बाजूचं छप्पर कामातून गेलेलंच होतं. तिथल्या फळ्या काढल्या आणि मधल्या इमारतीत घातल्या. जिना, मोठ्या खिडक्या, नाचघरावरच्या दोन तुळया. एक फळी बाहेर गेली असेल तर हात तोडा माझा.”

“मग खोलीचं खोटं का सांगितलंत?”

“तुम्ही कुणाची माणसं होतात?” त्यांनी विचारलं.

वहिनीने हळूच विचारलं, “ती चिठ्ठी आहे अजून?”

सुतारकाकांनी लेकीकडे बघितलं. लेक आत गेली आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेला कागद घेऊन आली. हातात दिला नाही. तिने तो दाराच्या चौकटीवर धरला आणि म्हणाली, “इथूनच फोटो घ्या.”

नगरपालिकेची सुनावणी तीन आठवड्यांनी होती. फोटो मी नियमाप्रमाणे दोन्हीकडे पाठवले होते, कंपनीकडे आणि नगरपालिकेकडे. सगळे. करडेसुद्धा. सभागृहात पंचवीसेक माणसं असतील. मुख्य अधिकारी बाई चष्मा कपाळावर ठेवून वाचणाऱ्या. त्यांनी नाचघराचे चारही दिवसांचे फोटो पडद्यावर शेजारीशेजारी लावायला सांगितले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. इंजिनिअर उठून म्हणाला, जुन्या इमारतीत भेगा अशाच पसरतात. बाईंनी बाजूच्या उजेडातला फोटो लावला आणि विचारलं, “आणि अशा मोजून मापून पसरतात?”

त्याने जबाबदारी राखणदारावर टाकली. त्याच्याकडे पटाशा होत्या, फोटो आहेत. ते फोटो पडद्यावर आले. माझेच. भुसा, करवती, टोपी. सुतारकाका मागच्या रांगेत लेकीजवळ बसले होते. बाईंनी मला उभं केलं.

“हे तुम्ही काढलेत?”

“हो.”

“काय दाखवतात हे?”

मी म्हटलं, “दुरुस्ती. मी ती चोरी समजले आणि विचारपूस न करता कंपनीला पाठवून दिले. त्यावरून सुतारकाकांच्या किल्ल्या काढून घेतल्या. किल्ल्या गेल्यानंतरच्या रात्रीच भेग सगळ्यात जास्त वाढली, त्या फोटोंवर वेळ आहे.” मग मी त्या चिठ्ठीचा फोटो दिला. बाईंनी तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने.

निकाल त्या दिवशी लागला नाही. सरकारी कामं अशी एका दमात उरकत नाहीत. बाहेरचे दोन तज्ज्ञ नेमले गेले. त्यांनी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत खरंच हलत असेल तर काच तडकते. दोन महिने कुणालाही किल्ली द्यायची नाही, असं बाईंनी लिहून दिलं. दोन महिन्यांनी मधल्या इमारतीतली एकही काच तडकली नव्हती. पूर्वेच्या बाजूच्या दोन फुटल्या होत्या. तेवढी बाजू उतरवायची आणि बाकीची इमारत कंपनीने दुरुस्त करायची, असा हुकूम निघाला. भिंत कुणी फोडली ते कुणीच कबूल केलं नाही. मुकादम गावातून नाहीसा झाला. इंजिनिअरची बदली झाली असं ऐकलं. त्या पाच इमारतींबद्दल मला पुन्हा कधी विचारणा झाली नाही.

सुतारकाकांना राखणदारी परत देऊ केली, ती त्यांनी नाकारली. मात्र उतरवलेल्या लाकडातलं चांगलं कुठलं ते निवडायला नगरपालिकेने माणूस मागितला तेव्हा ते गेले.

उन्हाळ्याच्या तोंडावर, पूर्वेची बाजू उतरवण्याआधीचे फोटो घ्यायला मला नगरपालिकेने बोलावलं. सुतारकाका दोन गड्यांना घेऊन दारं चौकटींसकट काढत होते. मी खालूनच विचारलं, “काका, येऊ का वर?”

त्यांनी खाली बघितलं. “खडूने फुल्या मारल्यात. तिथे पाय ठेवू नका,” ते म्हणाले आणि परत कामाला लागले.

दुपारी वहिनीने थर्मासमधला चहा ओतला. तिच्या हातचा कप त्यांनी घेतला, उभ्या उभ्या प्यायला, आणि तिला खिडकीच्या चौकटीतला एक सांधा दाखवत बसले. खिळा न वापरता कसा बसवलाय ते. वहिनीने चष्मा लावून, हात लावून, खरंच खिळा नाही ना याची खात्री करून घेतली. मी पलीकडच्या खोलीत ट्रायपॉड लावत होते. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. चार वाजेपर्यंत एकोणचाळीस फोटो झाले. मग पूर्वेच्या छपराचे पहिले पत्रे खाली आले.